प्रोजेक्टर उघडून कॅमेरा बनवणारे बाबूराव पेंटर, आणि माझ्या सर्व्हरवरची एक चुकलेली ओळ



गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या तरुण मंडळासाठी मी एक छोटी वेबसाइट बनवली. लोकांनी घरातले जुने फोटो आणि व्हिडिओ मोबाइलवरून अपलोड करायचे, आणि ते सगळ्यांना बघता यायचे, एवढीच कल्पना. पण लोकांकडून काय काय आलं म्हणून सांगू! कुणाच्या आयफोनमधले एचईआयसी फोटो, कुणाचे एमओव्ही, आणि जुन्या बटणवाल्या फोनमधले थ्रीजीपी व्हिडिओ. यातलं बरंचसं ब्राउझरमध्ये नीट उघडत नाही. म्हणून मी सर्व्हरवर एक स्क्रिप्ट लावली. फाइल आली की फोटोचा जेपीजी करायचा आणि व्हिडिओचा एमपी४.

वेबसर्व्हरला स्वतःला हे कन्व्हर्ट करणं जमत नाही. तो काउंटरवरच्या माणसासारखा असतो. फाइल घेतो, आतल्या खोलीत देतो, आतला माणूस काम करतो. माझ्याकडं व्हिडिओसाठी आतला माणूस होता एफएफएमपेग. फॅब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली सुरू केलेला हा फुकट प्रोग्राम आज जगातल्या कितीतरी व्हिडिओ साइट्सच्या आत चालतो.

माझी स्क्रिप्ट दोन ओळींची होती. पहिली ओळ व्हिडिओ कन्व्हर्ट करायची. दुसरी ओळ जागा वाचवायला मूळ फाइल डिलीट करायची. एका रात्री सर्व्हरची डिस्क भरली. एफएफएमपेग अर्ध्यात थांबला, त्यानं एरर दिली, पण ती एरर वाचायला तिथं कुणीच नव्हतं. स्क्रिप्ट गुमान पुढच्या ओळीवर गेली आणि मूळ फाइल उडवून मोकळी झाली.

ती फाइल आमच्या गल्लीतल्या एका काकूंची होती. त्यांचे सासरे तालमीतल्या जुन्या गोष्टी सांगतायत असा १४ मिनिटांचा व्हिडिओ. सासरे आता नाहीत. आणि अपलोड झाल्यावर काकूंनी फोनची मेमरी रिकामी केली होती, कारण आता ते साइटवर आहेच की, असं मीच त्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी डोकं बधिर झालं होतं. गाडी काढली आणि नुसता फिरत सुटलो. खरी कॉर्नरला सिग्नलपाशी थांबलो तर समोर तो कॅमेऱ्याचा स्तंभ. कोल्हापूरच्या पोरांना हा रोज दिसतो आणि रोज दिसतो म्हणून कुणी बघत नाही. बाबूराव पेंटरांनी बनवलेल्या कॅमेऱ्याचं ते स्मारक. शाळेत नाव ऐकलेलं, बाकी काही माहीत नव्हतं. त्या रात्री झोप येणार नव्हतीच, म्हणून वाचत बसलो. आज जे सांगतोय ते त्यातलंच आहे.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० ला कोल्हापुरात झाला. आडनाव मेस्त्री. वडील कृष्णराव मेस्त्री हे लाकूड, दगड, धातू, रंग अशा सगळ्यात हात चालणारे कारागीर. बाबूराव शाळेत फारसे शिकले नाहीत. जे आलं ते घरातल्या कामातून आलं. चुलत भाऊ आनंदराव त्यांच्यासोबत. दोघं मिळून नाटकांचे पडदे रंगवायचे. संगीत नाटकांचा तो जोरातला काळ, आणि केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्शसारख्या बड्या कंपन्यांना राजवाडा, जंगल, रस्ता असं सगळं कापडावर उभं करून देणारी माणसं लागायची. १९१० नंतरच्या चार-पाच वर्षांत या दोघा भावांचं नाव पश्चिम भारतात झालं. मेस्त्रींचे पेंटर झाले ते असे, कामावरून. (त्याच केशवरावांच्या नावाचं आपलं नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं मी पाहिलीत.)

१९१३ मध्ये फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. हा सिनेमा बघून दोघा भावांच्या डोक्यात किडा शिरला. आपणही बनवायचा. पण कशानं? फाळके विलायतेला जाऊन कॅमेरा घेऊन आले होते. या दोघांकडं तेवढे पैसे नव्हते. मग त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून एक वापरलेला प्रोजेक्टर घेतला आणि तो उघडून अभ्यास सुरू केला. खर्च चालायचा पडदे रंगवून.

इथं मी वाचता वाचता थांबलो. प्रोजेक्टर उघडून कॅमेरा कसा काय बनतो? थोडं डोकं लावल्यावर कळलं, आणि कळल्यावर लय भारी वाटलं.

सिनेमाची फिल्म सरळ पळत नाही. ती थांबत थांबत जाते. एक चित्र खिडकीसमोर येतं, क्षणभर स्थिर राहतं, मग एक पातं आडवं येऊन प्रकाश बंद करतं, त्या अंधारात छोटे दाते फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकून तिला एक घर खाली ओढतात, पातं बाजूला होतं, पुढचं चित्र. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण १६ वेळा व्हायचं, तेही हातानं दांडा फिरवून. प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. मधलं थांबणं-ओढणं दोन्हीकडं तेच. म्हणजे प्रोजेक्टर हा उलटा केलेला कॅमेराच. बाजारात तयार मिळणारं एक यंत्र खोलून त्याच्या आतलं तत्त्व वाचायचं आणि दुसरं यंत्र बनवायचं, याला आज आपण रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतो.

पण एक फरक आहे, आणि तो मोठा आहे. प्रोजेक्टरमध्ये फिल्म हलली तर तेवढा खेळ बिघडतो, उद्या दुरुस्त करून परत दाखवता येतो. कॅमेऱ्यात फिल्म हलली किंवा पेटीच्या एखाद्या फटीतून प्रकाश आत गेला, तर बिघाड कायमचा मूळ निगेटिव्हमध्ये बसतो. दाखवण्याच्या यंत्रात खपून जाणारी चूक, नोंद करण्याच्या यंत्रात खपत नाही. लेथ, कानस आणि डोळा यांच्या जिवावर एवढी अचूकता आणायची म्हणजे गंमत नाही.

ते काम पूर्ण व्हायच्या आत, १९१६ मध्ये, आनंदराव गेले. अर्धवट कॅमेरा, डोक्यावर खर्च, आणि सोबतचा माणूस नाही. मला वाटतं इथं नव्वद टक्के लोक परत पडदे रंगवायला बसले असते. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेतलं आणि १९१८ मध्ये कॅमेरा चालू केला. कोल्हापुरात, देशी हातांनी जुळवलेला. त्यातूनच महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैसे घातले गायिका तानीबाई कागलकर यांनी. या बाईंचं नाव आपल्याकडं फार कमी घेतलं जातं. त्या नसत्या तर कॅमेरा कपाटात राहिला असता.

पहिला सिनेमा ‘सैरंध्री’, १९२० मध्ये पुण्यात लागला. त्यात कीचकाच्या वधाचा प्रसंग इतका खरा वाटला की लोक घाबरले, आणि पुढं सेन्सॉरनं तो कापायला लावला. त्या काळात नाटकात आणि सिनेमातही बायकांची कामं बहुतेक पुरुषच करायचे. बाबूरावांनी बायकांनाच घेतलं. लोकमान्य टिळकांनी त्यांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

आता एक तांत्रिक गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडली. तेव्हाची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असायची, म्हणजे तिला लाल रंग दिसायचाच नाही. लाल साडी पडद्यावर काळी यायची, निळं आकाश पांढरं पडायचं. म्हणून तर अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावून ती धुता यायची. आता विचार करा, आयुष्यभर रंगात काम केलेला चित्रकार, आणि हातात आलंय रंगांबद्दल खोटं बोलणारं यंत्र. प्रत्येक सेट, प्रत्येक कपडा बघताना हा रंग पडद्यावर किती काळा किंवा किती पांढरा होईल, हे डोक्यात आधीच कन्व्हर्ट करावं लागायचं. आपण फोनवर एक फिल्टर लावतो आणि आवडला नाही तर काढतो. त्यांना निकाल कळायचा फिल्म धुतल्यावर.

आणि गंमत बघा. ज्या माणसानं पडद्यांवर नाव कमावलं त्यानंच सिनेमातून रंगवलेले सपाट पडदे काढून टाकले आणि खरे, खोली असलेले, माणूस आत फिरू शकेल असे सेट उभे केले. १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये, हरि नारायण आपट्यांच्या कादंबरीवरच्या, त्यांनी कृत्रिम प्रकाशात रात्रीचे प्रसंग घेतले. तोवर आपल्याकडं सिनेमा म्हणजे उन्हात चित्रीकरण, असंच होतं. प्रेक्षकांना वाटायला माहितीपुस्तिका छापल्या, पोस्टर स्वतः रंगवली. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’चं त्यांनी केलेलं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या भारतीय सिनेमाच्या सगळ्यात जुन्या पोस्टरांपैकी मानलं जातं. त्याच सुमारास लंडनजवळ वेम्बलीच्या प्रदर्शनात त्यांच्या ‘सती पद्मिनी’चं कौतुक झालं.

पण माझा जीव अडकला ‘सावकारी पाश’मध्ये. साल १९२५. नारायण हरी आपट्यांची कथा. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणारा शेतकरी, शहरात गिरणीत मजूर होतो. देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाहीत. पौराणिक सिनेमे धो धो चालत असताना या माणसानं कर्जबाजारी शेतकऱ्यावर सिनेमा काढला. तरुण शेतकऱ्याचं काम केलं होतं कंपनीत पडेल ते काम करत शिकलेल्या एका पोरानं. त्याचं नाव व्ही. शांताराम.

तर असे सिनेमे बनायचे कसे? कॅमेऱ्यातून बाहेर यायची ती निगेटिव्ह. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. ही थेट दाखवत नाहीत. अंधाऱ्या खोलीत तिच्याला कोरी फिल्म चिकटवून, प्रकाश पाडून, पॉझिटिव्ह प्रिंट काढतात. एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या. प्रिंट गावोगाव फिरायच्या, घासायच्या, तुटायच्या, फेकून दिल्या जायच्या. निगेटिव्ह जपायची. ती असेल तोवर सिनेमा असतो.

हे वाचलं आणि काकूंची फाइल आठवली. मी निगेटिव्हच फेकली होती, आणि तीही प्रिंट नीट आली का हे न बघता.

पुढची गोष्ट थोडी दुःखाची आहे. १ जून १९२९ ला दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी बाहेर पडून, सीताराम कुलकर्णींच्या पैशावर, कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. सॉफ्टवेअरवाल्यांना सांगायचं तर हा फोर्क होता. मूळ प्रोजेक्टमध्ये सगळं शिकलेली टीम निघाली आणि तेच ज्ञान घेऊन वेगळं काहीतरी उभं केलं. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. दामले आणि फत्तेलाल यांच्या १९३६ च्या ‘संत तुकाराम’ची पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात दखल घेतली गेली. बाबूरावांची कंपनी मात्र १९३० च्या आसपास विझत गेली. बोलपट आला होता, आणि मूकपटातल्या या जादूगाराचं मन त्यात फारसं रमलं नाही. तरी त्यांनी ‘उषा’, ‘प्रतिभा’ असे बोलपट केले, १९३६ मध्ये ‘सावकारी पाश’ पुन्हा आवाजासह काढला, आणि १९४७ च्या ‘लोकशाहीर राम जोशी’मध्ये त्यांचं आणि शांतारामांचं नाव दिग्दर्शक म्हणून पुन्हा एकत्र आलं. चित्रं आणि शिल्पं तर शेवटपर्यंत चालूच होती. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरात ते गेले.

फोर्कबद्दल मित्रांमध्ये आमचा वाद होतो. कुणी म्हणतं शिष्यांनी गुरूला सोडलं. मला तसं वाटत नाही. ज्याच्या हाताखाली शिकलेली पोरं स्वतःची कंपनी काढून जगापर्यंत पोचतात, त्या माणसानं काहीतरी लपवून न ठेवता शिकवलं असणार.

आता त्या निगेटिव्हचं काय झालं ते. तेव्हाची फिल्म नायट्रेटची. प्रचंड ज्वालाग्राही, आणि एकदा पेटली की पाण्याखालीही विझत नाही. पेटली नाही तरी हळूहळू सडते, चिकट होते, शेवटी तिची भुकटी होते. शिवाय फिल्मवर चांदी असते, त्यामुळं मूकपट संपल्यावर जगभर जुन्या फिल्म चांदी काढायला विकल्या गेल्या. आपल्याकडं जुने सिनेमे जपायला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात निघालं ते १९६४ मध्ये, म्हणजे बाबूराव जाऊन दहा वर्षं झाल्यावर. आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, प्रभातच्या जुन्या आवारात, नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठारालाच आग लागली.

आज १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ कुणालाच बघता येत नाही. ‘सैरंध्री’ नाही, ‘सिंहगड’ नाही. त्यांच्या मूकपटांपैकी हाताशी उरलंय ते अगदी थोडं, ‘मुरलीवाला’सारख्या १९२७ च्या सिनेमाचे काही भाग. स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवणाऱ्या माणसाचं काम आपण मुख्यतः वर्णनांतून, फोटोंतून आणि पोस्टरांतून ओळखतो.

तर मी सकाळी उठून काय केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काही जण अशी स्क्रिप्ट लिहीत असाल.

आधी ती डिलीट करणारी ओळ काढली. अपलोड झालेली मूळ फाइल आता वेगळ्या फोल्डरमध्ये जाते, आणि कन्व्हर्ट करणाऱ्या प्रोग्रामला ती फक्त वाचायची परवानगी आहे, बदलायची किंवा उडवायची नाही. तो फोल्डर ब्राउझरमधून उघडतच नाही. कन्व्हर्ट करायचं काम वेबपेजच्या आत न करता रांगेत टाकतो. पेज लगेच सांगतं की फाइल मिळाली, आणि मागं एक वेगळा प्रोग्राम, वेगळ्या यूजरच्या नावानं, एकेक फाइल उचलतो. आधी मी पेजलाच वाट बघायला लावायचो, त्यामुळं मोठ्या व्हिडिओला सर्व्हर कंटाळून कनेक्शन तोडायचा आणि लोक तीच फाइल चारदा पाठवायचे. डिस्क भरली ती त्यातूनच.

काम झाल्यावर एरर कोड बघतो, आणि नवीन व्हिडिओची लांबी जुन्याइतकी आहे का तेही तपासतो. नसेल तर मला मेसेज येतो.

आणि आवराआवर करताना एक भयंकर गोष्ट सापडली. लोकांनी दिलेलं फाइलचं नाव मी जसंच्या तसं कमांडमध्ये चिकटवत होतो. नावात स्पेस किंवा कंस आला की स्क्रिप्ट अडखळायची, तेव्हा मला वाटायचं लोकांनाच नाव देता येत नाही. पण कुणी मुद्दाम नावात अर्धविराम टाकून पुढं डिलीटची कमांड लिहिली असती, तर सर्व्हरनं तीही निमूट चालवली असती. आता प्रत्येक फाइलला मी स्वतः नवीन नाव देतो, आणि प्रोग्रामला कमांडची एक लांब ओळ न देता प्रत्येक गोष्ट सुटी सुटी देतो. फोटोंचा इमेजमॅजिक प्रोग्रामही अपडेट केला. २०१६ मध्ये त्यात असं भोक सापडलं होतं की मुद्दाम बनवलेली नुसती फोटोची फाइल अपलोड करून सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता यायची.

काकूंच्या व्हिडिओचं म्हणाल तर, अर्धवट एमपी४ सर्व्हरवर पडला होता. साइज दिसत होती, पण चालत नव्हता. कारण एमपी४ मध्ये कुठलं चित्र कुठं आहे याची अनुक्रमणिका साधारणपणे सगळ्यात शेवटी लिहिली जाते, आणि डिस्क त्याआधीच भरली होती. अनुक्रमणिका नाही म्हणजे प्लेअरला काही कळत नाही, पण चित्रं आतमध्ये असतात. अशा फाइलसाठी एक प्रोग्राम मिळतो. त्याला तसाच बनलेला दुसरा धडधाकट व्हिडिओ दाखवायचा, तो त्यावरून ठेवण ओळखून अनुक्रमणिका परत बांधतो. तीन संध्याकाळी खटपट केली.

१४ पैकी ९ मिनिटं निघाली. मी पेनड्राइव्ह घेऊन काकूंच्या घरी गेलो आणि काय घडलं ते सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. टीव्हीला लावून आम्ही ती ९ मिनिटं बघितली. सासरे एका कुस्तीची गोष्ट सांगत होते, आणि डाव पडायच्या आधीच व्हिडिओ संपला. कोण जिंकलं ते काकूंना आठवत होतं. त्यांनी मला ते सांगितलं, आणि मग चहा टाकायला आत गेल्या.